दुसरी सही

इस्त्रीचा लाल दिवा विझला, तिने वायर जराशी हलवली, दिवा लागला. हात काढला, पुन्हा विझला. सकाळचे सव्वासात झाले होते, कामाचा निळा कोट टेबलावर अर्धा गुळगुळीत आणि अर्धा चुरगळलेला पडला होता, आणि उरलेल्या एका बाहीसाठी प्लगशी कुस्ती करायची तिची अजिबात इच्छा नव्हती. नवरा खिडकीत आरसा टेकवून दाढी करत होता. तिथे उजेड चांगला येतो, असं त्याचं म्हणणं. आरशातून नजर न काढता तो म्हणाला, "अगं, परवा हीटरचा तो जाड प्लग कोंबलास ना तू त्यात? भोक सैल झालं असणार." एवढं बोलून तो हनुवटीकडे वळला. ज्या माणसाने जन्मात फ्यूज बदललेला नाही, दिवा गेला की जो बायकोला हाक मारतो आणि वर शेजाऱ्यांना कौतुकाने सांगतो की आमच्याकडे विजेचं खातं हिच्याकडे, त्याने हे असं सहज बोलून टाकलं, आणि ती प्लगकडे बघतच राहिली. इस्त्री उभी करून ठेवायचं भान राहिलं म्हणून बाही वाचली.

जाड प्लग, सैल भोक. डोक्याच्या आधी ते तिच्या उजव्या अंगठ्याला आठवलं. दीड महिन्यापूर्वीची दुपार होती. वैमानिकाच्या खुर्चीत ती अर्धी आडवी झाली होती, मान वाकडी, डावा हात यंत्रांच्या फळीमागे कोपरापर्यंत आत, आणि त्या हातात विमानाच्या तारांचा गोल प्लग, त्याच्या तोंडावर बारीक बारीक भोकं. उजव्या हातात मीटरची टोकदार सळई, जिला सगळे प्रोब म्हणतात. पहिल्या भोकात प्रोब गेला. दुसऱ्यात गेला. तिसऱ्यात अडला, केसभरच अडला, आणि अंगठ्याने तो किंचित दाबला. मग तोही गेला. मीटरवर आकडा हवा तोच आला आणि ती खूश झाली. दीड महिना ते दाबणं तिच्या अंगठ्यात तसंच बसून होतं आणि तिला पत्ता नव्हता. नवऱ्याने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, आणि एक बाही चुरगळलेलाच कोट हातावर टाकून निघाली. नवऱ्याच्या लक्षात आलं नाही, पण लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत ती पहिल्यांदाच डबा विसरली होती.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. वर्कशॉपला पोहोचायला चाळीस मिनिटं लागतात आणि ती चाळीस मिनिटं तिची स्वतःची असतात. एरवी ती या वेळात आदल्या दिवशीचं राहिलेलं यंत्र मनातल्या मनात उघडते, तारांच्या मागे मागे जाते, आणि कित्येकदा दोष बसमध्येच सापडलेला असतो. वर्कशॉपमधल्या आपल्या कामाच्या बाकावर नुसतं जाऊन त्याला पकडायचं. विमानातल्या यंत्रांचे विजेचे दोष शोधायचे हेच तिचं काम, सव्वीस वर्षांचं. वर्कशॉपमध्ये आणखी तीन बायका आहेत, त्यांना नावाने हाक मारतात; नुसतं 'बाई' म्हटलं की ती. नियम असा आहे की दुरुस्त करणाऱ्याने कार्डावर एक सही करायची, आणि ते काम स्वतःच्या डोळ्यांनी बघून दुसऱ्या कुणीतरी खाली दुसरी सही करायची. तिच्या कार्डावर मात्र ती दुसरी सही उभ्या उभ्या होते, हातातला चहाचा कप खाली न ठेवता. बाईंचं काम म्हणजे तपासायचं काय, असं साहेब नव्या माणसांसमोर मुद्दाम मोठ्याने म्हणतात. ते ऐकलं की ती मान खाली घालून स्क्रू शोधू लागते. लाजते म्हणून नव्हे. चेहऱ्यावरचं सुख दिसू नये म्हणून.

आणि हे सुख फुकटचं नव्हतं. तिचे वडील एका मोठ्या इमारतीचे वायरमन होते, सहा मजले आणि तळघर. शाळा सुटली की ती त्यांच्यामागे जिने चढायची. भिंतीत वीज उतरली आहे का हे बघताना ते हात पालथा लावायचे. तळवा लावलास तर वीज बोटं आवळून धरते, सोडत नाही. पालथा हात आपोआप झटकला जातो, असं त्यांनी तिला सांगितलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि महिनाभर घरातल्या प्रत्येक वस्तूला पालथा हात लावत हिंडत होती, आईच्या गालालासुद्धा. दोष सापडला नाही की ते चिडत नसत. तारेवर कशाला रागवायचं, ती आहे तिथेच आहे, तू कुठे आहेस ते बघ, असं म्हणायचे आणि पुन्हा तारांच्या पहिल्या खोक्यापासून सुरू करायचे. ती पुढे शिकली, परीक्षा दिल्या, विमानांपर्यंत पोहोचली, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं होतं, चुकलं तर विमान थांबवता येतं का? येतं, खाली असताना येतं, ती म्हणाली. मग ठीक आहे, म्हणाले. पण त्या दिवशी ते इमारतीतल्या सहाही मजल्यांवर, गरज नसताना, जाऊन आले. हे तिला आईकडून कळलं.

बस सिग्नलला थांबली. शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवी मांडीवरून पायाशी घेतली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दीड महिन्यापूर्वी होरायझन नावाचं एक यंत्र तिच्या बाकावर आलं होतं. ढगात शिरलं की वैमानिकाला वर-खाली कळत नाही; विमान कललेलं असतं आणि शरीर सांगतं सरळ आहे. अशा वेळी तो एका तबकडीकडे बघतो, वर निळं, खाली तपकिरी, मध्ये पांढरी रेघ, आणि शरीराचं न ऐकता त्या रेघेचं ऐकतो. त्या तबकडीत तिला सगळ्यात आवडते ती कोपऱ्यातली लाल पट्टी. यंत्राला नीट वीज मिळेनाशी झाली की ती पट्टी खाली पडते, म्हणजे आता माझ्यावर विश्वास ठेवू नका. असं आपणहून सांगणारं माणूस तिने अजून पाहिलेलं नाही, नवरा धरून. त्या होरायझनमध्ये खरा दोष होता, आतल्या एका वेटोळ्याची तार आतल्या आत तुटलेली. गरम झाली की जोड सुटायचा आणि थंड झाली की जुळायचा. दोन दिवसांत तिने तो शोधला. दुरुस्त केलं, सही केली, साहेबांची सही उभ्या उभ्या झाली, यंत्र विमानात बसलं. इथे थांबली असती तर काहीच झालं नसतं.

पण तिला वाटलं, एकदा विमानाकडून येणारी वीजही बघून घेऊ. ते तिचं काम नव्हतं. विमानातल्या तारा लाइनवाल्याच्या ताब्यात असतात. लाइनवाला म्हणजे विमानतळावर उभ्या विमानांवर काम करणारा तो बारीक अंगाचा माणूस, बोलताना पाना तळहातावर आपटायची सवय असलेला. त्याने विचारलं होतं, बाई, बारीक पिन आणलीय ना? कारण प्लगच्या भोकात नुसता प्रोब घालायचा नसतो, भोकाच्या मापाची बारीक पिन त्याला जोडायची असते. ती पिन हत्यारांच्या खोलीतून सही करून आणायची, आणि खोलीचा माणूस जेवायला गेला होता. चाळीस सेकंदांचं काम, ती म्हणाली, मला काय नवीन आहे? बाकावर बसून तिने असं जन्मात केलं नसतं. बाहेर, त्याच्या राज्यात, चार माणसं बघत असताना तिला वाट बघत बसणं जिवावर आलं. खरं तर तिला त्यांच्यासमोर चाळीस सेकंदांत ते करून दाखवायचं होतं. आता बसमध्ये तिने हे शब्द मनात नीट उच्चारले, करून दाखवायचं होतं, आणि तिचे कान तापले.

त्यानंतर बारा दिवसांनी वैमानिकाने लिहिलं: उतरताना लाल पट्टी पडली, सात सेकंद. यंत्र तिच्याकडे परत आलं. तिच्या हातून गेलेलं यंत्र परत येण्याची ही पहिली वेळ. तिने ते चार तास चालवलं, कलवलं, तापवलं, गार केलं, रबरी हातोडीने टकटक करून बघितलं. रेघ हलली नाही. तिने कार्डावर लिहिलं, दोष आढळला नाही. आठवड्याने पुन्हा तेच, पुन्हा तेच कार्ड. मग लाइनवाल्याने दुसरंच होरायझन बसवून बघितलं आणि त्याचीही पट्टी पडली. म्हणजे दोष विमानाच्या तारांचा, म्हणजे लाइनवाल्याचा. तो तिच्या बाकाशी आला, पाना न आपटता उभा राहिला आणि म्हणाला, बाई, तारा तीनदा मोजल्या, ठीक आहेत. त्यावर ती त्याला म्हणाली, "तुम्ही पुन्हा एकदा बघा." तोवर ती त्याला अरे-तुरे करत होती. त्या दिवशी 'तुम्ही' म्हणाली, आणि ते त्याला बरोबर लागलं. तारा मोजल्यावर ठीकच दिसणार होत्या. सैल भोकात प्रोबची पिन शिरली की मोजणाऱ्याच्या हाताने ती तिथे दाबून बसते आणि आकडा बरोबर येतो. ती काढली, यंत्राची बारीक पिन आत आली, की ती नुसती टेकून राहते, आणि उतरताना विमान थरथरलं की सुटते. मोजणाराच मोजण्यापुरता दोष मिटवत होता. शनिवारपासून विमान उभं होतं. आज अकरा वाजता साहेब लाइनवाल्याचा विमानांवर काम करायचा परवाना सहा महिन्यांसाठी काढून घेणार होते, आणि हे सगळ्या वर्कशॉपला ठाऊक होतं.

कुणाला कळणार आहे, हा विचार बसमध्ये तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, शेजारी बसला, दोन थांबे तिच्याबरोबर प्रवासही केला. भोकावर नाव लिहिलेलं नसतं. पण दुसरीही एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि तिची तिलाच गंमत वाटली. इतक्या माणसांनी इतके दिवस शोधलेला दोष तिला सापडला होता, आणि आत कुठेतरी ती नेहमीसारखी सुखावली होती. सापडला म्हणजे सापडला. तो आपलाच निघाला म्हणून सापडण्याचा आनंद थोडाच कमी होतो? ती उतरली तेव्हा चालण्यात घाई होती, पण मान खाली नव्हती.

हत्यारांच्या खोलीत तिने सही करून वजनाची पिन घेतली. ही पिन भोकात घालून प्लग उलटा धरायचा. भोक घट्ट असेल तर ते पिनेला वजनासकट धरून ठेवतं, सैल असेल तर पिन गळते. खोलीतला माणूस म्हणाला, बाई, आज तुम्ही सही करून घेताय म्हणजे कमाल आहे. पिन मुठीत धरून ती निघाली. विमान हँगरच्या दाराशी उभं होतं आणि लाइनवाला शिडीवर बसून काहीच करत नव्हता. तिला बघून त्याने तोंड फिरवलं. त्याला वाटलं असणार, ही शेवटचं बघायला आलीय.

"होरायझनचा प्लग काढून दे," ती म्हणाली.

"तीनदा बघितलाय तो."

"मीही एकदा बघितलाय. काढ."

त्याने काढला. तिने पहिल्या भोकात पिन घातली, प्लग उलटा केला. पिन लटकून राहिली. दुसऱ्यात घातली, राहिली. तिसऱ्यात घातली, उलटा केला, आणि पिन तिच्या तळहातावर पडली. काही आवाज झाला नाही. तिने पुन्हा घातली, पुन्हा पडली. लाइनवाला खाली वाकून बघत होता, इतका जवळ की त्याच्या श्वासाला चहाचा वास होता.

"झिजलंय," तो म्हणाला.

"झिजलं नाही. मी पसरवलंय. त्या दुपारी बारीक पिन न लावता प्रोब घातला होता. तू विचारलं होतंस."

तो सरळ झाला. मग जे बोलला ते त्या प्लगकडे बघत, तिच्याकडे न बघता. "बाई, घरी बायको विचारते, चूक तुझी आहे का, आणि मला हो-नाही सांगता येत नाही. सगळं तपासलेलं असून सांगता येत नाही. मला वाटायला लागलं होतं, मला हे काम येतच नसेल."

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "दोन्हीही. प्रोबची आणि तुला परत पाठवलं त्याची." हे शब्द बाहेर यायला फार जड जातील असं तिला बसमध्ये वाटलं होतं. गेले नाहीत. कार्डावर लिहितात तसे आले, एकामागून एक.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. माणूस वाईट नाही. तिच्याबरोबरच नोकरीला लागलेला, तिच्याइतकाच दमलेला. त्यांनी कागद पुढे ओढून समजावलं की झीज लिहा, विषय संपला. प्लग बदलू. लाइनवाल्याने तपासणीत झीज बघायला हवी होती एवढीच त्याला तोंडी समज देऊ, परवाना राहू दे त्याचा. तुमच्या सव्वीस वर्षांवर कशाला डाग? तिने मान्य केलं असतं तर दुपारी चहा पिताना सगळे हसत बसले असते. पण त्या तोंडी समजेत थोडासा दोष लाइनवाल्याकडे राहत होता, जेवढा त्याला पुन्हा रात्ररात्र पुरला असता. आणि दुसरं, जे तिने साहेबांना सांगितलं नाही: तिच्या हाताने आजवर कार्डावर खोटं लिहिलेलं नव्हतं, आणि एका चुकीसाठी ते अक्षर बिघडवायला ती तयार नव्हती.

"साहेब, झीज असती तर मी झीज लिहिलं असतं," ती म्हणाली.

तिने लिहिलं. तिचं अक्षर चांगलं आहे, ठसठशीत, गोल. त्या दिवशी तर तिने मुद्दाम सावकाश लिहिलं. तिसऱ्या भोकाची पकड सैल. कारण, तपासणीच्या वेळी मापाची पिन न वापरता प्रोब दाबला गेला. दाबणारी, खाली सही करणारी. मग सही केली, आणि सही करताना तिला तिच्या एवढ्या वर्षांतल्या कुठल्याही सहीपेक्षा बरं वाटलं. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. आता नियमाने त्यांना काहीतरी करणं भाग होतं, आणि ते त्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं: सहा महिने तिचं कुठलंही काम दुसऱ्या माणसाने प्रत्यक्ष तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही. पहिल्या स्क्रूपासून. ती म्हणाली, बरोबर आहे. मग म्हणाली, तपासायला लाइनवाल्याला द्या. साहेब चमकले. त्याच्याकडे तपासणीचा परवाना होता, ते खरं, पण तो तुमच्यावर डूख धरून असेल, त्यांनी सांगून बघितलं. "असू दे की," ती म्हणाली. "बघेल तरी नीट."

दुपारी चार वाजता ती पुन्हा त्याच खुर्चीत अर्धी आडवी झाली, मान वाकडी, हात कोपरापर्यंत आत. सैल झालेलं भोक म्हणजे पितळेची एक बारीक नळी. ती तिने काढली, तारेला नवी नळी दाबून बसवली, प्लगमध्ये सरकवली, कट् असं बोटांना कळलं. ते कळणं तिला फार आवडतं. कपाळावर घाम आला होता, चुरगळलेल्या बाहीने तिने तो पुसला. मग मापाच्या पिनेने तीनही भोकं मोजली, बाहेर आली, कार्ड भरलं, आपल्या जागी सही केली आणि बाजूला झाली.

लाइनवाला खुर्चीत शिरला. तिला वाटलं होतं, हा आता पटकन उरकेल. सकाळचं सगळं झाल्यावर माणूस जरा मोठ्या मनाने वागतो, मान हलवतो, चला बाई म्हणतो. त्याने तसं काही केलं नाही. टॉर्च तोंडात धरली. पहिल्या भोकात वजनाची पिन घातली, प्लग उलटा केला, मनात मोजलं, पिन काढली. मग दुसरं, मग तिसरं. तिसरं दोनदा. मग तिने बसवलेली तार त्याने ओढून बघितली, चांगली जोराने. तार जागची हलली नाही. त्याने टॉर्च काढली, प्लगच्या मागची बाजू उजेडात धरली आणि पुन्हा पहिल्या भोकापासून सुरुवात केली. खाली हँगरच्या दारातून ऊन सरकत होतं. कुणीतरी साहेबांच्या वतीने विचारून गेलं, अजून किती वेळ. लाइनवाल्याने टॉर्च पुन्हा तोंडात धरली.

ती शिडीवर एक हात ठेवून उभी होती. पाय दुखत होते. मधूनच तिला वाटलं, बोलावं, अरे, झालं की आता. आणि तेवढ्यात तिला जाणवलं की तिला ते थांबायला नको आहे. तिने कसं धरलं, कुठे दाबलं, तार किती राखली, हे सगळं तो एकेक करून बघत होता, आणि तिचं काम त्याच्यापुढे उघडं पडलेलं होतं, आणि ते चांगलं होतं. तिला स्वतःला ते आत्ता दिसत होतं, त्याच्या डोळ्यांनी. इतका अभिमान तिला कुणाच्या कौतुकाने कधी वाटला नव्हता.

"तपासलंस?" तिने विचारलं.

"अजून एकदा बघतो, बाई."

"बघ."

त्याने अजून एकदा बघितलं. मग कार्ड मांडीवर घेऊन, दुसऱ्या सहीच्या जागी, कागदाला पेन टेकवण्याआधी त्याने तिची सहीसुद्धा वाचली. सव्वीस वर्षांत तिचं काम आज पहिल्यांदा कुणीतरी बघितलं होतं.